सातव्या खुर्चीवरची आत्या

विद्यापीठाच्या समाजमानसशास्त्र विभागात माझ्याकडे चौथी खुर्ची आहे. खुर्ची म्हणजे अधिकारपद वगैरे नव्हे. बसायची, लाकडी, मागच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली साधी खुर्ची. तिच्यावर बसून, डोळ्यांना स्वच्छ दिसणारी गोष्ट चुकीची सांगणं हे माझं काम. हे काम मी कायम पदावर, नियमित वेतनश्रेणीत आणि वरिष्ठांच्या मते समाधानकारकरीत्या करतो.

प्रयोग अगदी सोपा आहे. समोरच्या पडद्यावर एक रेघ दाखवतात आणि तिच्या शेजारी आणखी तीन: आखूड, मधली आणि लांब. पहिल्या रेघेइतकी यातली कोणती, एवढाच प्रश्न. उत्तर ‘लांब’. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीत सात खुर्च्या असतात. पहिल्या सहांवर आम्ही विभागाचे पगारी लोक बसतो आणि सातवीवर बाहेरून आणलेला माणूस, ज्याला सरकारी भाषेत ‘अनभिज्ञ’ म्हणतात. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्यासारखेच हेही बाहेरून आलेत. आम्ही सहा जण ओळीने ‘मधली’ म्हणतो. मग अनभिज्ञाची पाळी येते. तो रेघेकडे बघतो, आमच्याकडे बघतो, चष्मा पुसतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘मधली.’

पूर्वी आमच्या जागी विद्यार्थी बसत. पण विद्यार्थ्यांना हसू फुटे आणि शास्त्राचं नुकसान होई. म्हणून ‘कनिष्ठ सहमतक’ आणि ‘वरिष्ठ सहमतक’ अशी पदं निर्माण झाली, रीतसर मुलाखती झाल्या. मला विचारलं, ‘‘ही खोली गोल आहे. आपलं काय मत?’’ मी म्हणालो, ‘‘गोलच आहे साहेब. कोपरे मात्र छान काढलेत.’’ तिथल्या तिथे नेमणूक झाली.

वरवर पाहणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं, कोणीही करील. तसं नाही. पहिल्या खुर्चीवरच्या काकांनी उमेदीत नाटकांतून राजे केलेत. ते ‘मधली’ म्हणतात तेव्हा जणू फर्मान सुटतं. पाचव्या खुर्चीवरच्या ताई बोलण्याआधी किंचित थांबतात. त्या थांबण्याचा त्यांना वेगळा भत्ता आहे, कारण त्यामुळे अनभिज्ञाला वाटतं, निदान या बाईंनी तरी नीट विचार केलाय. आणि चौथी खुर्ची? सातांतले चार म्हणजे बहुमत. माझ्या तोंडून शब्द पडेपर्यंत ते नुसतं मत असतं. मी बोललो की त्याचं बहुमत होतं. ही जबाबदारी पेलण्यासाठी मी डबा खाताना कोणाशी बोलत नाही.

सेवाशर्तींनुसार कार्यालयीन वेळेत खरं उत्तर देणं हे गैरवर्तन आहे. घरी त्याची सूट आहे, पण सवय कुठे सुटते? आमची ही विचारते, ‘‘आज आमटीत मीठ जास्त झालंय का हो?’’ मी इकडेतिकडे बघतो. ती म्हणते, ‘‘इकडेतिकडे काय बघताय? घरात आपण दोघंच आहोत!’’ दोघांत बहुमत कसं काढायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तर फारच पंचाईत झाली. ते अक्षर दाखवत आणि मी रांगेतल्या लोकांच्या तोंडाकडे बघे. शेवटी भलताच चष्मा लागला. तो लावल्यापासून मला खरोखरच मधली रेघ बरोबर दिसते, त्यामुळे कामाचा ताण बराच कमी झालाय.

आत येण्याआधी प्रत्येक अनभिज्ञाला एक प्रश्न विचारायची पद्धत आहे: ‘सगळे चूक बोलत असतील, तर आपण काय कराल?’ यावर सगळेच एक उत्तर देतात. ‘मी खरं तेच सांगीन.’ हे उत्तर देताना मान जरा वर जाते, असंही आमच्या निरीक्षणात आलंय.

तर अशा या सुरळीत चाललेल्या विभागात एक संशोधिका आली आणि तिने घोळ घातला. घोळ तिचा नव्हता, विषयाचा होता. ‘बहुमताला नकार देणाऱ्या व्यक्तीची मनोरचना’ असं शीर्षक तिने दिलं आणि समितीने ते एकमताने मंजूर केलं. अडचण एवढीच होती की आमच्या प्रयोगशाळेत आजवर कोणी नकारच दिलेला नव्हता.

ती विभागप्रमुखांकडे गेली. ‘‘सर, शीर्षक बदलून मिळेल का?’’

‘‘मंजूर शीर्षक बदलत नाही,’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘माणसं बदलता येतात. एक नकार देणारा शोधा. एकच पुरे, आपण त्याची मनोरचना काढू.’’

पोरीने शोधाशोध केली हो. एक निवृत्त न्यायाधीश आणले; त्यांनी आमचं सगळ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘मधली’ असा निकाल दिला. एक कुस्तीगीर आणला. त्याला घाम फुटला, पण ‘मधली’च. एक बंडखोर कवी आला. आपण कोणापुढे मान तुकवत नाही, हे त्याने दारातच आम्हा सहांना बजावलं. मग आत येऊन, ताई अजून थांबलेल्या असतानाच, ‘मधली!’ असं ओरडून मोकळा झाला. त्याला घाईने बस पकडायची होती म्हणे.

वर्षं गेली. शेवटची मुदतवाढ संपत आली. नकार देणारा सापडला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार, पदवी जाणार आणि पदवीवर टांगून ठेवलेली शिकवण्याची नोकरीही जाणार, हे लेखी कळवण्यात आलं. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्यात येऊन बसली. डबा उघडलाच नाही.

‘‘मी आत्याला आणते,’’ ती म्हणाली.

‘‘नातेवाईक चालतील का?’’ ताईंनी, थोडं थांबून, विचारलं.

‘‘अनभिज्ञ आहे ना? झालं तर मग. अहो, माझी आत्या कोणाचंच ऐकत नाही. बारावीनंतर घरात सगळ्यांनी ठरवलं होतं, पोरीचं शिक्षण बास. बाबा, आजोबा, दोन्ही काका, सगळे. आत्या एकटी उभी राहिली आणि म्हणाली, ‘नाही.’ दुसऱ्या दिवशी माझी बॅग उचलून मला स्वतःच्या घरी घेऊन गेली. मी आज इथे आहे ती तिच्या एका ‘नाही’मुळे.’’

आत्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या इमारतीतल्या रहिवाशांनी सभा घेऊन जिन्याला हिरवा रंग मंजूर केला, तेव्हा त्या एकट्या विरोधात होत्या. रंगारी आला तेव्हा त्या खुर्ची टाकून जिन्यात बसल्या. त्यांच्या दारासमोरच्या तीन पायऱ्या पांढऱ्याच राहिल्या. हे ऐकून पहिल्या खुर्चीवरच्या काकांसारख्या कसलेल्या माणसाचाही चेहरा उतरला. आम्ही दुपारभर सराव केला.

आत्या आल्या त्या हातात पिशवी घेऊन. उंच, सुकलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. संमतीपत्रातल्या दोन ओळी त्यांनी खोडल्या. पंखा बंद करायला लावला, मग पंख्याशिवाय उकडतं म्हणून खिडकी उघडायला लावली. मग माझ्याकडे वळल्या.

‘‘अहो, तुमची खुर्ची डुगडुगतेय. बोलत का नाही कोणाला?’’

‘‘बाकी कोणाची डुगडुगत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणून तुमची डुगडुगायची थांबते का?’’ असं म्हणून त्यांनी वाकून पुठ्ठ्याची घडी नीट सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी स्थिर बसलो, आणि तेवढ्याने मला कसंतरीच झालं. निरीक्षणाच्या काचेमागे उभी असलेली संशोधिका आनंदाने फुलून गेली होती. एवढा नकार एकाच बाईत तिनेच काय, विभागानेही कधी पाहिला नव्हता.

पडद्यावर रेघा आल्या. काकांनी फर्मान सोडलं. दुसरी खुर्ची, तिसरी खुर्ची. मी बहुमत केलं. ताई थांबल्या आणि म्हणाल्या. सहावी खुर्ची म्हणाली. सगळ्यांचे कान सातवीकडे लागले.

‘‘मधली,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘झालं का? मला किराणा घ्यायचाय.’’

संशोधिका धावत आत आली. नियमाने तिने यायला नको होतं. ‘‘आत्या! तुला दिसलं नाही का गं?’’

‘‘दिसलं की. लांब होती.’’

‘‘मग मधली का म्हणालीस?’’

‘‘अगं बबडे, रेघेसाठी कोण भांडतं?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘जिना माझ्या दारातला होता. तू माझी होतीस. रेघ काय माझ्या बापाने काढलीय? ही सहा माणसं किती दमलेली दिसत होती! त्यातून हे चौथे तर अगदीच केविलवाणे. म्हटलं, जाऊ दे. माणसाने भांडायचं कुठे हे ठरवून ठेवावं. जिथे तिथे भांडत सुटले असते, तर तुझ्या वेळी माझं कोणी ऐकलं असतं का?’’

संशोधिका मटकन खाली बसली. हे वाक्य खरं तर तिच्या प्रबंधापेक्षा मोठं होतं, पण ते मंजूर शीर्षकात बसत नव्हतं.

विभागप्रमुखांनी तातडीची बैठक बोलावली. त्यांची मुद्रा गंभीर होती, कारण प्रबंध बुडाला तर प्रकल्प बुडणार होता आणि प्रकल्प बुडाला तर आमची सहा पदं अतिरिक्त ठरणार होती.

‘‘तांत्रिकदृष्ट्या सदर महिला ‘मधली’ म्हणाल्या,’’ ते म्हणाले. ‘‘परंतु मनात त्यांनी ‘लांब’ म्हटलं होतं. हे त्यांनी स्वतः कबूल केलंय. आपल्या शास्त्राचा विषय काय? मन. तोंड नव्हे. तोंडासाठी विद्यापीठात दंतवैद्यक विभाग आहे.’’

‘‘पण सर, चित्रीकरण?’’ संशोधिकेने विचारलं.

‘‘कॅमेरा चालू होता. त्याच्या भिंगावरचं झाकण काढायची परवानगी नीतिसमितीकडे प्रलंबित आहे. त्यामुळे चित्रीकरणात काळोख आहे, आणि काळोख कोणाचीच बाजू घेत नाही.’’

ठराव मांडला गेला: ‘सदर महिलेने बहुमतास नकार दिला, असे समजण्यात यावे.’ काका सहमत झाले. दुसरी, तिसरी. मी बहुमत केलं. ताई थांबल्या आणि सहमत झाल्या. ठरावाच्या पक्क्या प्रतीत ‘असे समजण्यात यावे’ हे शब्द जागेअभावी गाळण्यात आले. संशोधिका काहीच बोलली नाही. गप्प बसणं हे आमच्या शास्त्रात सहमतीतच मोजतात.

प्रबंध लिहून झाला. बाहेरच्या विद्यापीठातल्या परीक्षकांनी तो वाचला आणि त्यांना तो इतका आवडला की त्यांनी एकच अट घातली: मौखिक परीक्षेच्या वेळी या असामान्य बाई समक्ष भेटाव्यात.

आली का पंचाईत! सभागृहात रंगकाम चालू होतं, म्हणून परीक्षा आमच्याच खोलीत ठेवली. खुल्या परीक्षेला श्रोते लागतात, म्हणून आम्हा सहांना श्रोते म्हणून हजर राहण्याचा आदेश निघाला. आम्ही आपापल्या खुर्च्यांवर बसलो. आत्या आल्या. आज त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पोरीची परीक्षा होती ना. रिकामी अशी एक सातवीच खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या.

‘‘आपणच का त्या नकार देणाऱ्या?’’ परीक्षकांनी अदबीने विचारलं.

‘‘कसला नकार?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘मी ‘मधली’ म्हणाले होते.’’

परीक्षकांनी चमकून हातातल्या प्रबंधाकडे पाहिलं. विभागप्रमुख मात्र डगमगले नाहीत. ‘‘बाईंचा काही गैरसमज होतोय. साक्षीदार इथेच आहेत. पहिली खुर्ची?’’

‘‘‘लांब’ म्हणाल्या,’’ काका म्हणाले. ‘‘ठणठणीत आवाजात.’’

‘‘लांब.’’ ‘‘लांब.’’

मीही ‘लांब’ म्हणालो आणि बहुमत झालं. नोकरीत हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला, आणि तोही खोटं बोलताना. ताई जरा जास्तच थांबल्या. मग त्याही म्हणाल्या. सहावी खुर्ची म्हणाली.

‘‘अहो, डोकं फिरलंय का सगळ्यांचं?’’ आत्या उसळल्या. ‘‘माझं तोंड मला ठाऊक नाही? ‘मधली’ म्हणाले मी! मधली!’’

परीक्षक जागेवरून उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘पाहा! सहा माणसं एका बाजूला आणि ही बाई एकटी! इतका निखळ नकार मी उभ्या हयातीत पाहिला नाही. प्रबंध सिद्ध झाला.’’

आत्यांनी क्षणभर विचार केला. बाई हुशार होत्या. ‘‘म्हणजे मी तुमचं मान्य केलं नाही, तर मी नकार देणारी. आणि मान्य केलं, तर तेव्हा नकार दिलाच होता. असंच ना?’’

‘‘अगदी बरोबर,’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘शास्त्र दोन्ही बाजूंनी पक्कं असावं लागतं.’’

तेव्हा आत्यांनी आम्हा सगळ्यांना सोडून दिलं आणि त्या पडद्यापाशी उभ्या असलेल्या भाचीकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला.

‘‘बबडे, तू त्या काचेमागे होतीस. यांचं राहू दे. तू सांग. मी काय म्हणाले होते?’’

ती पोरगी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने विभागप्रमुखांकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं, आमच्या सहा तोंडांकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. घसा खाकरला. पुढचं मला पाठ होतं.

‘‘आत्या,’’ ती म्हणाली, ‘‘तू ‘लांब’ म्हणाली होतीस.’’

सातव्या खुर्चीवर हार मानणारी माणसं मी ढिगाने पाहिलीत. हार मानताना ती आमच्याकडे बघतात. आत्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. त्या पोरीकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

‘‘असेल बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वय झालं आता. मीच विसरले असेन.’’

पिशवी उचलून त्या निघाल्या. माझ्या खुर्चीपाशी जरा थबकल्या, पायाखालून पुन्हा निसटलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि वाकल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी दोन्हीकडे पाहिलं. बाकी पाच जणांना काही वाटत असल्याचं दिसेना, म्हणून थोड्या वेळाने मलाही वाटेनासं झालं.

भाचीला पदवी मिळाली. प्रबंध उत्कृष्ट ठरला, नोकरी लागली, आणि आता ती आमच्याच विभागात ‘नकाराचे मानसशास्त्र’ हा विषय शिकवते. हजेरी सक्तीची असूनही वर्ग भरलेला असतो. आमची पदं वाचली; काकांना बढतीही मिळाली. परवा काही कामाने मी आत्यांच्या इमारतीत गेलो होतो. जिना खालपासून वरपर्यंत हिरवागार आहे. मध्ये कुठेही पांढरी पायरी नाही. मी शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तर म्हणाले, रंगारी आला तेव्हा बाईंनी दारच उघडलं नाही.

हा सगळा वृत्तान्त मी अलीकडे ज्यांना ज्यांना सांगितला ते सगळे हळहळले आणि सगळ्यांनी एकच गोष्ट म्हटली. वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसं. पण शब्द तेच, आणि मानही तशीच जरा वर गेलेली. ‘त्या मुलीच्या जागी मी असतो ना, तर खरं तेच सांगितलं असतं.’ इतकं संपूर्ण एकमत आम्हा सहांना इतक्या वर्षांच्या सरावाने कधी साधलं नाही.

तुम्हीही आत्ता मनात तेच म्हणालात. लाजू नका, प्रत्येक अनभिज्ञ तेच म्हणतो. बसा ना. सातवी खुर्ची रिकामीच आहे, आणि प्रश्न अगदी सोपा असतो.